लग्न होईपर्यंत

भाईदासच्या घरून होकार आला तेव्हा मी न्हाणीत केस धूत होते. मायचा आवाज ऐकला आणि साबणाच्या डोक्यानं तशीच बाहेर पळत आले. चाळीतल्या बायका हसल्या, माय चिडली, आणि धुळ्याच्या उन्हात तो साबण डोक्यातच वाळून गेला. संध्याकाळपर्यंत मी डोकं खाजवत होते आणि हसत होते. आनंद झाला की माझं असंच होतं. राग आला तरी साधारण असंच होतं, फक्त हसत नाही.

भाईदासला मी स्वतः निवडलं होतं, हे दोन्ही घरांत कुणाला ठाऊक नव्हतं. तो कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे. एकदा सरांना मदत करायला तो आमच्या प्रयोगशाळेत आला. मी कोपऱ्यात परीक्षानळी तापवत होते. त्यानं विचारलं, "तुला ओळखायला कुठलं द्रव्य दिलंय?" मी म्हटलं, "मीच आहे ते द्रव्य." नळीतलं निळं पाणी तापून विटकरी लाल झालं होतं. लघवीत साखर फार असली की तसा रंग येतो. घरचं स्पिरिट संपलं होतं म्हणून मी माझी रोजची तपासणी कॉलेजात उरकत होते. दुसरा कुणी असता तर नाक मुरडून गेला असता. हा म्हणाला, "मग आता काय करायचं?" डॉक्टर सोडले तर हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मी त्याच दिवशी मनात ठरवून टाकलं.

मला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे. गोळ्या घेऊन भागतं तसला नव्हे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचायची. नाही टोचली तर थोड्याच दिवसांत कारभार आटोपतो. माझे वडील, आबा, कापडगिरणीत कामाला, त्यामुळे कामगारांच्या विमा दवाखान्यातून बाटल्या फुकट मिळत. घरी आणून आम्ही त्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचो. आबांच्या कार्डावर आधी त्यांचं नाव, मग मायचं, मग माझं. आणि माझ्यासाठी नियम असा, की मुलीला औषध मिळेल ते तिचं लग्न होईपर्यंत.

मेख होती ती इथंच. भाईदास सरकारी नोकरीची परीक्षा पास झाला होता, पण नेमणूक कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. नेमणूक आली की बायकोच्या औषधपाण्याचा खर्च सरकार देणार. म्हणजे लग्नाआधी बापाचं कार्ड, नोकरीनंतर नवऱ्याचं, आणि मधल्या दिवसांत काहीच नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ती ही तऱ्हा. त्याच्या घरची शेती दोंडाईच्याजवळ, कापूस आणि मिरची. खाऊन-पिऊन सुखी माणसं, पण जन्मभराची महाग बाटली नव्या सुनेसाठी दर महिन्याला कोण आणणार? आणि तेही आजार त्यांना सांगितला तर.

मी काही हातावर हात धरून बसणारी नाही. कॉलेजात फीबरोबर विद्यार्थी विम्याचे पैसे कापतात, म्हणून मी आधी तिथल्या क्लार्कला गाठलं. तो म्हणाला, "जिन्यावरून पडून हातपाय मोडला तर मिळेल. आजाराला नाही." मी म्हटलं, "साखर वाढून चक्कर आली आणि त्यामुळे जिन्यावरून पडले तर?" त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "प्राचार्यांना विचारा." मग चाळीतल्या जीवराम एजंटाकडे गेले. तो खूश. म्हणाला, "नवीन आरोग्य विमा निघालाय, सगळं मिळतं. आधीपासून असलेला आजार तेवढा सोडून."

"मला तेवढाच आहे, जीवरामकाका."

"मग बाकी तब्येत ठणठणीत आहे ना? तुला विमा हवाच कशाला?"

मी घरी आले आणि भांडी इतकी आपटली की शेजारची प्रमिलाबाई काय फुटलं ते बघायला आली.

आता मुख्य घोटाळा सांगते. भाईदासची आई भिकुबाई मला बघायला आली तेव्हा मायनं सगळ्यांपुढे शिरा ठेवला. मी घेतला नाही. भिकुबाईंनी विचारलं, "पोर गोड का बरं खात नही?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"तिना नवस शे, इहीनबाई. कानबाई मायना. लगीन व्हस नही तवलग गोड सोडेल शे."

कानबाई ही आमच्या खानदेशाची देवी. तिच्या नवसाला घरोघरी वजन. भिकुबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर करून पाय दाखवले. टाचांना एवढ्या भेगा, की त्यांत गव्हाचा दाणा बसावा.

"मना बी नवस शे, माय," त्या म्हणाल्या. "भाईदास धाकला व्हता तवय तापमा मरता मरता वाचना व्हता. त्याना लगीनना मांडव पडस नही तवलग मी पायमा चप्पल घालस नही."

त्या स्टँडपासून आमच्या चाळीपर्यंत अनवाणी चालत आल्या होत्या, चैत्राच्या दुपारी. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा खरा नवस समोर बसलेला आणि माझा असा, शिऱ्याच्या बशीपुढे जन्मलेला. भाईदास भिंतीला टेकून बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो छताकडे बघत होता.

पाहुणे गेल्यावर मी मायला धारेवर धरलं. ती म्हणाली, आजार सांगितला असता तर उठून गेले असते, तुला चाललं असतं का? मला चाललं नसतं. तेच तर दुखणं.

भिकुबाईंना मात्र त्या नवसानं पंखच फुटले. त्यांनी तिकडून निरोप धाडला: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा, आठ दिवसांत लग्न, आणि लग्न ठरलं म्हणजे झालंच, तेव्हा सुगंधाचा, म्हणजे माझा, नवस साखरपुड्याच्या दिवशीच त्या आपल्या हातानं सोडवणार. खापरावरच्या पुरणपोळीनं आणि आमरसानं. आखाजीला खानदेशात घरोघरी हेच जेवण, आणि भिकुबाईंची खापराची पोळी त्यांच्या गावात नावाजलेली. नवससुद्धा त्यांनी दोंडाईच्यापर्यंत गाजवला होता. भाईदास सांगायचा, गावातल्या बायका आपल्या पोरींना म्हणतात, ती धुळ्याची सुगंधा बघा, नाहीतर तुम्ही, गूळ पुरवता पुरत नाही.

मायनं तोवर पुढचंही ठरवून टाकलं होतं. "लगीन व्हवू दे. महिनामा एकदाव माहेर येत जाय. दवाखानामा जाताना मंगळसूत्र काढी ठेव, बारीक टिकली लाव. कोनले काय समजस?"

"नवरा जिता असताना मंगळसूत्र काढू?"

"जीव ऱ्हायना तरच मंगळसूत्र," माय म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

आबा रात्रपाळीला निघाले होते. डबा पिशवीत घालता घालता म्हणाले, "कार्ड मनं शे. खोटं बोलीसन मी बाटली लेवाव नही." आणि गेले. आबा महिन्यात एखादंच वाक्य असं बोलतात, पण ते बोलले की त्यावर काही बोलता येत नाही.

मी भाईदासला कॉलेजच्या फाटकाशी गाठून सांगितलं, की तूच सांग तुझ्या आईला. तो म्हणाला, सांगतो. दर भेटीत म्हणायचा, सांगतो. परीक्षेत पहिला येणारा हा मुलगा आईपुढे उभा राहिला की त्याची दातखीळ बसायची.

अशी आखाजी उजाडली. चाळीतल्या निंबाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी पहाटेपासून झोक्यावर. भिकुबाई आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या, आणि येताना मातीचं खापर एसटीत मांडीवर घेऊन, जपत, नवजात बाळ आणावं तसं. मुलाच्या आईनं मुलीच्या दारी पोळ्या करायच्या हे मायला पटेना, पण भिकुबाईंनी तिला चुलीजवळही येऊ दिलं नाही. अंगणात चूल मांडून, खापर पालथं घालून त्या हातांवर पोळी वाढवत होत्या. मनगटावरून कोपरापर्यंत पोळी पसरत जायची, झिरझिरीत, चादरीएवढी, आणि एका झटक्यात खापरावर. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मीसुद्धा बघत राहिले. मला त्या बाईचा अभिमान वाटत होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदमच.

पाहुण्यांची एसटी दहाच्या सुमाराला यायची होती. आली की आधी पितरांच्या घागरीला नैवेद्य, मग साखरपुडा आणि मग सगळ्यांदेखत माझ्या तोंडात पोळीचा घास. भिकुबाई काही एका घासावर थांबणाऱ्या नव्हत्या. म्हणून मी आणि मायनं न्हाणीत बसून हिशेब केला, की एवढी पोळी, एवढा रस, तर सुईत नेहमीपेक्षा एवढं जास्त. पाण्यासारखं स्वच्छ दिसतं ते लवकर चढणारं इन्सुलिन मी चांगलं वाढवून टोचलं, नवी साडी नेसले आणि पाटावर जाऊन बसले.

एसटी आली नाही.

कुणी म्हणालं चाक बसलं, कुणी म्हणालं नरडाण्याला खोळंबलीय. भिकुबाई म्हणाल्या, येतील, बसा. बसले. पण लवकर चढणारं इन्सुलिन पाहुण्यांची वाट बघत नसतं; पोटात गोड जावो न जावो, ते रक्तातली साखर उतरवत सुटतं. आधी ओठ बधिर झाले. मग एवढ्या उकाड्यात अंगाला गार घाम सुटला. हात थरथरायला लागले, बांगड्या वाजायला लागल्या. प्रमिलाबाई म्हणाली, "पोर लाजी ऱ्हायनी." मी तिला म्हटलं, "तू गप बस." मोठ्या बाईला असं कधी बोलले नव्हते, पण साखर उतरली की माझा राग चढतो, आणि रागानंतर शुद्ध जाते. मायला शोधलं. ती कोपऱ्यावर एसटीची खबर काढायला गेली होती.

मी उठले. पाय कुठं पडतायत ते कळत नव्हतं. स्वयंपाकघरात आमरसाचं मोठं पातेलं झाकून ठेवलं होतं. घागरीला नैवेद्य दाखवायचा होता, त्याआधी कुणी चाखायचं नाही, चाटायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. मी फडकं भिरकावलं आणि वाटी बुडवली. एक वाटी, दुसरी वाटी. हनुवटीवरून रस गळत होता, नव्या साडीवर, जमिनीवर. इतकं गोड मी अकराव्या वर्षानंतर कधी प्याले नव्हते, आणि काय सांगू, मरणाच्या भीतीतसुद्धा ते मला फार आवडलं.

तिसऱ्या वाटीला दारात सावली आली. भिकुबाई. हातात तुपाची पळी.

"सुगंधा, हाई काय?"

मी उत्तर न देता वाटी संपवली. कारण थांबले असते तर तिथंच पडले असते. मग भिंतीला टेकून खाली बसले. बाहेर झोक्यावरच्या पोरींचं गाणं चालू होतं, ते हळूहळू स्पष्ट ऐकू यायला लागलं, तेव्हा समजलं की वाचले.

"नवस नही, आत्याबाई," मी म्हटलं. "आजार शे."

आणि मग जे सुटले ते सुटलेच. सगळं सांगितलं. सुई, नळी, वाळूतल्या बाटल्या. आबांचं कार्ड, लग्न होईपर्यंतचा नियम, कॉलेजचा जिना, जीवराम एजंट. मंगळसूत्र काढायची युक्तीसुद्धा. माय धापा टाकत आली आणि दारातच खिळली. तिच्या मागोमाग भाईदास, केसांत धूळ, हातात साखरपुड्याची पिशवी. एसटी आली होती.

भिकुबाई माझ्याकडे बघत होत्या. तशाच मान न वळवता त्यांनी विचारलं, "भाईदास, तुले माहीत व्हतं?"

"व्हतं, माय."

"कवयपासून?"

"पहिलेपासून."

तुपाची पळी त्याच्या दंडावर अशी बसली की बाहेर गाणं थांबलं. मग त्या मायकडे वळल्या. "आजार सांगा नही, त्यानं माले काही नही. पोरले जपाकरता माय काय बी करस. पन देवीले कशाले मधमा आनं, इहीन? देवीना नाववर खोटं?"

माय रडायला लागली. भिकुबाई उंबऱ्यावर बसल्या. अंगणात पाहुणे टोप्यांनी वारा घेत उभे, चाळ गोळा झालेली, आणि आत आम्ही चौघं. माझी साखर आता जागेवर आली होती. उठून गेली ही बाई तर तिला अडवायचं कुठल्या तोंडानं, हेच मला समजत नव्हतं.

त्यांनी विचारलं, "लगीन व्हयनं का औसद बंद?"

"बंद," मी म्हटलं.

"भाईदासले नोकरी लागनी का चालू?"

"चालू."

"नोकरी कवय लागी रे?"

"सांगता येत नही," भाईदास दंड चोळत म्हणाला. "ह्या वरीस, नही तर पुढला."

"आनि तवलग?"

"तवलग काहीच नही," मी म्हटलं.

भिकुबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्या काय मोजत होत्या ते मला कळलं. आठ दिवसांवर आलेल्या मांडवाची त्या पायांनी किती उन्हाळे वाट बघितली होती.

"मंग आते लगीनच कशाले?" त्या म्हणाल्या.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मायला वाटलं सोयरीक मोडली. तिनं गळाच काढला. भिकुबाई तिच्यावर खेकसल्या, "रडस काय? पोर मनीच शे. नोकरी लागनी का लेवाले येसु. तवलग बापना कार्डवर ऱ्हाऊ दे." एवढ्या मोठ्या कोड्याला मी क्लार्क, एजंट, सगळे धुंडाळून आले होते, आणि ह्या बाईनं ते उंबऱ्यावर बसल्या बसल्या सोडवून टाकलं. आम्ही सगळे लग्नाभोवतीच फिरत होतो. लग्नच सरकवता येतं हे कुणाला सुचलं नाही, कारण ते सरकवायला फक्त त्याच एकट्या मोकळ्या होत्या, आणि किंमतही त्यांनाच द्यायची होती.

"तुमचा नवस, आत्याबाई?" मी विचारलं.

"तो खरा शे," त्या म्हणाल्या. "खरा नवस थांबस."

मी उठून त्यांच्या गळ्यातच पडले. आमरसाची हनुवटी त्यांच्या खांद्याला पुसली गेली. त्या म्हणाल्या, "लुगडं नवं शे, येडी." पण बाजूला केलं नाही.

मग त्या अंगणात गेल्या आणि कमरेवर हात ठेवून सांगून टाकलं, की आज साखरपुडा होईल, लग्न मात्र पुढे. भाईदासचा काका हिलाल पाटावरून उठला. "वहिनी, पत्रिका छापाले टाकेल शेत. लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ले सांग, भिकुबाईले मुहूर्त पसंत पडना नही."

"आनि पोरीना नवस?"

"तो मी सोडावस. बस खाले."

नैवेद्याच्या उष्ट्या रसाचं काय करायचं, असं आबांनी हळूच विचारलं. भिकुबाई म्हणाल्या, "पितरं तुमनाच शेत ना, वनाभाऊ? नातना जीव वाचना म्हनीसन खूशच व्हतीन." आबांनी घागरीला पोळीचा आणि राहिलेल्या रसाचा नैवेद्य दाखवला आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग साखरपुडा झाला. भाईदासच्या पिशवीतून हिरव्या बांगड्या निघाल्या, साडी निघाली, साखरेचा पुडा निघाला. तो पुडा भिकुबाईंनी उचलून प्रमिलाबाईच्या हातात दिला आणि आपल्या पिशवीतून भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा काढला. त्यांच्याच शेतातली मिरची. सगळ्यांदेखत त्यांनी माझ्या तोंडात ठेच्याचा घास घातला. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बायका हसून हसून एकमेकींवर कोसळल्या. असा साखरपुडा धुळ्यात त्याआधी झाला नसेल. पोळ्या मग सगळ्या पाहुण्यांनी खाल्ल्या, आणि भाईदासनं तर दुखऱ्या हातानं सगळ्यांत जास्त.

त्यानंतरचे दिवस मी हवेत होते. भाईदासची नेमणूक काही आली नाही, पण मला घाई नव्हती. मी शेवटच्या वर्षात गेले, सकाळ-संध्याकाळ सुई, आणि नळीतला रंग बहुतेक निळा नाहीतर हिरवा. शाळा-कॉलेजं उघडली तशी भिकुबाई एक दिवस मिरचीचं बोचकं घेऊन आल्या. त्यांना माझी सुई बघायची होती, नळी बघायची होती, बाटली मिळते ती जागाही बघायची होती. सुई बघताना त्यांनी डोळे मिटले, पण नळी तापताना लहान पोरासारख्या वाकून बघत राहिल्या, आणि रंग हिरवा आला तेव्हा मलाच शाबासकी दिली.

मग आम्ही दोघी विमा दवाखान्यात गेलो. खिडकीपुढे बायकांची रांग. भिकुबाईंना गप्प उभं राहणं ठाऊक नव्हतं. पुढची बाई कुठल्या गावची, मागचीच्या पोराला काय झालं, सगळं त्यांनी काढून घेतलं. आणि आपलंही दिलं. आम्ही खिडकीशी पोचलो तेव्हा त्या मागचीला मोठ्या कौतुकानं सांगत होत्या, "हाई मनी वहू. कॉलेजमा शिकस. इतली हुशार वहू आमना गावमा नही."

खिडकीतला माणूस नवा होता. त्याचा हात थांबला.

"वहू? म्हणजे सून? हिचं लग्न झालंय?"

"नाही," मी म्हटलं. "साखरपुडा झालाय फक्त."

त्यानं माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या, मग भिकुबाईंकडे बघितलं. "ह्या तर सून म्हणतायत. लग्न झालेल्या मुलीला इथून औषध मिळत नाही, माहीत आहे ना? नाव कमी करावं लागेल." त्यानं आबांचं कार्ड पुढे ओढलं आणि पेनचं टोपण काढलं.

 वाळूतली शेवटची बाटली तळाला गेली होती. मागच्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या. त्यांतल्या निम्म्या आमच्या चाळीच्या आजूबाजूच्या, आणि त्या सगळ्यांनी मघाचं वहूचं कौतुक ऐकलेलं.

भिकुबाई एकदम पुढे झाल्या. खिडकीचा गज त्यांनी हातानं धरला.

"नही, साहेब. मनी कोनी नही शे ती."

"मग सून का म्हणालात?"

"अडाणी बाई शे. तोंडले येस ते बोलस." त्यांचा आवाज फाटायला लागला, पण त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या. "वनाभाऊनी आंडेर शे ती, त्यासनी पोर. बापना घर ऱ्हास, बापना घर खास. मना घरमा अजून तिना पायबी पडना नही. मनी ती काहीच लागस नही."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. माणसानं पेनाला टोपण लावलं, आत गेला आणि बाटल्या आणून दिल्या. मी हात पुढे केला, पण त्या भिकुबाईंनी घेतल्या, आम्ही आणलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि पदराआड धरल्या.

फाटकाबाहेर येईपर्यंत त्या पुढेच चालत राहिल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. रिक्षा थांबवली, आधी मला बसवलं, मग स्वतः बसल्या आणि रिक्षा सुटल्यावर पदरानं तोंड पुसलं.

"नोकरी लागू दे भाईदासले," त्या म्हणाल्या. "ह्याच खिडकीवर यीसन त्या मानूसले सांगसु, तू मनी कोन शे ते."